विंडोज मारूनही पीसी पुन्हा मंद होतो, त्याचं काय करायचं

नागपुरात पीसी मंदावला की उपाय ठरलेला आहे: विंडोज मारून घ्या, म्हणजे जुनं पुसून नव्याने टाकून घ्या. स्कूटरच्या पायाशी सीपीयू ठेवायचा, सीताबर्डीला न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा. महिना-दोन महिने बरा चालतो आणि मग पुन्हा तेच रडगाणं. घरी, दुकानात, वकिलाच्या टेबलावर, झेरॉक्स सेंटरवर, सगळीकडे हीच तक्रार. दोन-तीनदा असं झालं की मग निकाल लागतो, पीसी म्हातारा झाला, नवीन घ्या.

यातले बरेच पीसी म्हातारे झालेले नसतात. बिघाड विंडोजच्या बाहेर असतो, म्हणजे डिस्कमध्ये, पंख्यात किंवा विजेत. नाहीतर तो विंडोजसोबतच त्याच पेनड्राइव्हवरून पुन्हा आत येतो. दोन्ही बाबतीत विंडोज मारून थोडे दिवस बरं वाटतं, एवढंच. वरून नुकसान असं, की बिघाडाच्या ज्या नोंदी विंडोजने स्वतः लिहून ठेवलेल्या असतात त्या पुसल्या जातात आणि पुढच्या खेपेला शोध पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मारायच्या आधी काय पाहायचं ते इथे लिहितो. विंडोज १० आणि ११, दोन्हींना हे लागू आहे. बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतील.

मंद कधी होतो?

दुकानात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि अर्धं निदान यातच असतं.

सकाळी चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं माउससुद्धा हलत नाही, मग गाडी रुळावर येते, असं असेल तर डिस्क आणि स्टार्टअप (पीसीसोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम) पाहा. सकाळी मस्त, दुपारी बारानंतर रांगतो, रात्री पुन्हा ठीक, असं असेल तर विंडोजला हातही लावू नका, ती उष्णता आहे. दिवसागणिक जड होत जातो आणि रीस्टार्ट केला की हलका होतो, तर मेमरी, म्हणजे रॅम. आणि मंद न होता एकदम काळा पडून पुन्हा चालू होत असेल तर ते प्रकरणच वेगळं, त्याच्याबद्दल पुढे.

दोन दिवस एका कागदावर वेळ लिहून ठेवा. घरातल्या माणसाला विचारलं तर "नेहमीच मंद असतो" हेच उत्तर येईल. कागदावर मात्र वेळा दिसतात.

टास्क मॅनेजर नीट वाचणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, म्हणजे पीसीवर काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये छोटीच खिडकी उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' आहे. बहुतेक जण इथे येऊन पहिल्या यादीत कोण जास्त टक्के खातंय ते पाहतात, त्याला 'एंड टास्क' देतात आणि बंद करतात. खरी माहिती 'परफॉर्मन्स' या पानावर आहे.

तिथे सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, क्लिक केलं की खाली 'अप टाइम' दिसतो, म्हणजे विंडोज शेवटचं खऱ्या अर्थाने सुरू झाल्यापासून किती वेळ गेला. रोज रात्री न चुकता शटडाउन करणाऱ्याच्या मशीनवरही इथे वीस-पंचवीस दिवस दिसतात, आणि तो माणूस म्हणतो, हे चुकीचं दाखवतंय. चुकीचं नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शटडाउन केलं की उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (पीसीचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत मेमरीत चढवले जातात. चालू पटकन होतं, पण एखाद्या ड्रायव्हरने घातलेला घोळही तसाच्या तसा दुसऱ्या दिवशी हजर. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे शटडाउन करून फरक पडत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर पडतो, हा अनुभव भास नाही.

एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपांची वेगवान डिस्क) असलेल्या पीसीत ही सोय बंद करून टाकावी असं माझं मत आहे, वाचणारे दोन-चार सेकंद त्या किमतीचे नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढा. साध्या हार्डडिस्कवर ती राहू द्या, फक्त आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करायची सवय लावा.

त्याच पानावर 'मेमरी' पाहा. चार जीबी रॅमवर आजचा ब्राउझर, टॅली आणि व्हॉट्सॲप एकत्र चालवायचं म्हणजे ओढाताण होणारच, त्यात विंडोजचा दोष नाही. इथे खाली 'स्लॉट्स यूज्ड' असं लिहिलेलं असतं. 'वन ऑफ टू' दिसलं तर एक खाच रिकामी आहे, त्याच जातीची रॅम आणून लावता येते, डबा न उघडता हे कळलं. दुकानात जाताना या पानाचा फोटो काढून न्या, म्हणजे रॅमची जात, डीडीआर ३ की ४, ओळखायला त्यावरचा वेग कामी येतो.

डिस्क १०० टक्के

सर्वांत जास्त वेळ मी याच रोगावर घालवतो. 'परफॉर्मन्स' मध्ये डिस्क निवडली की 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्के, पण खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग बघावा तर सेकंदाला एक-दोन एमबी. म्हणजे डिस्क पूर्ण गुंतलेली आहे आणि काम मात्र काहीच होत नाही.

त्याच्या शेजारचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' हा आकडा बघा. एसएसडीवर तो एरवी एक-दोन मिलिसेकंद असतो. निरोगी हार्डडिस्कवर दहा-वीस, काम वाढलं की शंभरच्या आतबाहेर. तो सतत पाचशे, हजार, दोन हजार दाखवत असेल तर डिस्क आजारी आहे किंवा तिची केबल. त्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकणं म्हणजे पैसे वाया. उलट कोरं विंडोज टाकताना डिस्कच्या वेगळ्या, अजून धड असलेल्या भागावर फाइली जातात, म्हणून महिनाभर बरं वाटतं. पुढे त्याही भागाची पाळी येते.

खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेले आकडे वाचून दाखवतं. वरची 'गुड' ची निळी पाटी पाहून समाधान मानू नका, खालच्या यादीत तीन ओळी शोधा: ०५, सी५ आणि सी६. पहिली म्हणजे खराब होऊन बदललेली सेक्टरं (डिस्कवरचे लहान कप्पे), दुसरी म्हणजे वाचता न आल्याने रांगेत असलेली, तिसरी म्हणजे हात टेकलेली. या तिन्हींत शून्य असावं. सी५ मध्ये आकडा असेल आणि तो वाढत असेल तर आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, फोटो आणि टॅलीचा डेटा दुसरीकडे काढा. विंडोजचं नंतर बघू. सी७ ची ओळ वेगळी आहे. ती वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क नाही, डिस्क बोर्डला जोडणारी साटाची केबल सैल किंवा खराब असते. ती स्वस्तात मिळते आणि पाच मिनिटांत बदलते.

डिस्क निरोगी आहे, तरीही सकाळी १०० टक्के? मग बहुतेक ही परिस्थिती असते: पीसी दिवसातून तासभरच चालू होतो. विंडोजची साफसफाई, अपडेटची मांडणी, डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसची तपासणी, डिस्क ऑप्टिमाइझ करणं, ही कामं ठरलेली असतात आणि त्यांची मूळ वेळ पहाटे २ ची. पहाटे दोनला आपल्याकडे कुणाचा पीसी चालू असतो? भिंतीवरचं बटण बंद करूनच आपण झोपतो. मग ही साठलेली कामं पीसी चालू झाल्यावर जरा सवड दिसली की सुरू होतात, आणि नेमकं तेव्हाच पोराला ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. यावर साधा तोडगा म्हणजे आठवड्यातून एक रात्र पीसी चालू ठेवा, मॉनिटर बंद, स्लीप बंद. शनिवारी रात्री ठेवला तर रविवारी सकाळी फरक दिसतो. 'सिस्‌मेन' ही नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी सर्व्हिस बंद करा हा सल्ला सगळीकडे मिळतो. जुन्या हार्डडिस्कवर कधीकधी उपयोग होतो, एसएसडीवर काहीच नाही.

आणि स्पष्टच सांगायचं तर २०२० नंतरच्या विंडोजने हार्डडिस्कची पर्वा करणं सोडलंय. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक विखुरलेल्या वाचण्या करू शकते, साधी साटा एसएसडीसुद्धा हजारोंच्या घरात करते. चौथ्या पिढीचा आय३, आठ जीबी रॅम आणि एसएसडी, हा पीसी टायपिंग, टॅली आणि यूट्यूबसाठी आजही छान चालतो. खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया इथे घाला. जुनी हार्डडिस्क धड असेल तर डेटासाठी आत राहू द्या.

दुपारचा मंदपणा

इतवारीत मसाल्याचं ठोक दुकान असलेल्या एका काकाजींचा पीसी वर्षानुवर्षं एप्रिल उजाडला की आजारी पडायचा. "दोन वाजले की याचं डोकं फिरते भाऊ. विंडोज मारून दे अजून एकदा." मी म्हटलं, काकाजी, मारू, पण आधी दोन वाजू द्या.

दोन वाजता टास्क मॅनेजर उघडला. सीपीयूच्या पानावर 'बेस स्पीड' ३.४० गिगाहर्ट्‌झ लिहिलेला आणि प्रत्यक्ष 'स्पीड' ०.८० च्या आसपास चिकटलेला, वापर १०० टक्के. सकाळी त्याच कामाला वेग पूर्ण होता. हे दोन आकडे शेजारी दिसले की निदान झालं: चिप तापली आहे आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच पाडते आहे. बहुतेक इंटेल चिपांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, रायझनच्या बऱ्याच चिपांची ९५.

बाजूचा पत्रा उघडला. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या, पात्यांवर तिखट-हळदीचा लालसर पिवळा नमदा बसलेला, नखाने सोलून निघावा इतका जाड. ब्लोअर मारला तर फक्त वरचं उडालं. मिरचीच्या भुकटीत तेलाचा अंश असतो, ती चिकटते. पंखा काढून, जुन्या टूथब्रशने पाती घासून, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नवीन थर्मल पेस्टचा मुगाएवढा ठिपका दिला. अडीच वाजता त्याच उन्हात वेग परत ३.४०. विंडोज जिथल्या तिथे. दुकानात काउंटरखाली जमिनीवर पीसी ठेवलेला होता, तो उचलून मागच्या भिंतीच्या फळीवर नेला, कारण तिखट शेवटी खालीच बसतं.

तुमच्याकडे मसाला नसेल, कापसाची भुकटी असेल, आटाचक्की असेल, नाहीतर रस्त्याचं काम चालू असेल. धूळ कुठलीही असो, हिशोब एकच. हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर गेली तर त्याच कामाला चिपचं तापमानही साधारण तेवढ्याच पंधरा अंशांनी वर जातं. जानेवारीत ७५ वर चालणारा पीसी मे महिन्यात ९० वर जातो, वर धुळीचा थर असला की मर्यादेला टेकतो. म्हणून नवतपात बंद पडणारा पीसी बहुतेक दिवाळीपासूनच आजारी असतो, फक्त थंडीत कळत नाही.

कूलर हा आपल्याकडचा खास मुद्दा. खोली थंड होते म्हणून पीसी थेट कूलरच्या झोतात ठेवणारे पुष्कळ आहेत. वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या झोतात पाण्याचे तुषार असतात, बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार. सीपीयूच्या डब्यावर जो पांढरट थर दिसतो तोच आत मदरबोर्डवरही बसतो, आणि ओलसर धूळ कोरडीपेक्षा वाईट. पीसी खोलीत असावा, झोतात नसावा. कूलरच्या रेषेतून बाजूला, भिंतीपासून मागे वीतभर जागा सोडून. कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात तर अजिबात नको, ते कप्पे कुणी आणि का शोधून काढले देव जाणे.

तापमान पाहायचं तर टास्क मॅनेजर प्रोसेसरचं दाखवत नाही. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प घ्या. पण सगळ्या ओळींवर विश्वास टाकू नका. बोर्डवर न जोडलेल्या सेन्सरच्या जागी १२७ अंश असं काहीबाही दिसतं आणि लोक घाबरून फोन करतात. २०२४ च्या मेअखेरीला नागपुरात ५६ अंश म्हणून बातमी देशभर फिरली होती, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं, तसंच हे. प्रोसेसरच्या 'कोअर' च्या ओळी तेवढ्या पाहा.

साफसफाई लगेच शक्य नसेल तर विंडोजमधून उन्हाळा ढकलता येतो. पॉवर ऑप्शन्समध्ये चालू असलेल्या प्लॅनच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगात 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट', त्यात 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. बऱ्याच पीसींवर याने टर्बो बंद होतो, चिप आपल्या मूळ वेगावर थांबते आणि तापमान चांगलंच उतरतं. टायपिंग-टॅलीला फरक जाणवत नाही. काही मशीनवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे नाद सोडा. पावसाळा लागला की पुन्हा १०० करा.

साफ करताना घ्यायची काळजी: वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते भन्नाट फिरू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून आत हात घालायच्या आधी लोखंडी पत्र्याला स्पर्श करा.

एकदम बंद पडतो, पुन्हा चालू होतो

विंडोजने लिहून ठेवलेल्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर इथे कामाला येतो. स्टार्टवर उजवं क्लिक करा, यादीत नाव आहे. 'विंडोज लॉग्ज' मध्ये 'सिस्टम', आणि बंद पडला त्या वेळेच्या आसपासच्या लाल खुणा पाहा. 'कर्नल-पॉवर' आणि आकडा ४१ ही नोंद हमखास सापडते. ती पाहून लोक गूगल करतात आणि शंभर उपाय करत बसतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. ते तुम्हालाही माहीत होतं. उपयोगाचं आहे ते तिच्या 'डिटेल्स' मध्ये: 'बगचेककोड' शून्य असेल तर निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर दिसतो तो) नोंदवलाच गेला नाही, म्हणजे संशय वीज, एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) नाहीतर उष्णतेवर. शून्य नसेल तर ड्रायव्हर किंवा रॅम. त्याच वेळेआधी 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर' ३७ अशा नोंदी दिसल्या तर प्रोसेसरचा वेग बांधून टाकला जात होता, म्हणजे पुन्हा वरच्या भागात जा. 'डिस्क' ७ म्हणजे खराब सेक्टर.

एवढं वाचायचा कंटाळा असेल तर स्टार्ट उघडून इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' मध्ये तारखेनिहाय तक्ता येतो, कुठल्या दिवशी काय बसवलं आणि कुठल्या दिवशी काय कोसळलं ते एका नजरेत. हे पान विंडोजमध्ये इतकी वर्षं आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. कागदावर लिहिलेल्या वेळा इथे ताडून पाहा.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी तपासा. शेजारच्या खोलीतला कूलर किंवा पाण्याची मोटर सुरू होताच पीसी रीस्टार्ट होतो का? होत असेल तर व्होल्टेज क्षणभर पडतं आणि कमकुवत एसएमपीएसला ते पेलत नाही. यूपीएस आहे तरी होतं? मग यूपीएसची बॅटरी गेली. १२ व्होल्ट ७ एएचची ती छोटी बॅटरी २५ अंशांसाठी बनवलेली असते. त्याच्या वर साधारण दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा हिशोब धरतात. आपल्या उन्हाळ्यात दोन वर्षं टिकली तरी नशीब. तपासायची पद्धत सोपी: काम सेव्ह करून, सगळे प्रोग्राम बंद करून, पण पीसी चालू ठेवून, यूपीएसचा भिंतीवरचा प्लग काढा. अर्धं मिनिटही धरलं नाही तर बॅटरी बदला, यूपीएस फेकू नका.

डब्यासोबत फुकट आलेल्या बिननावाच्या एसएमपीएसवर पाचशे वॅट छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. तात्पुरता दुसऱ्या पीसीचा लावून दोन दिवस चालवून पाहा.

पेनड्राइव्हमधून परत येणारा रोग

विंडोज मारून देणारा माणूस सहसा त्याच पेनड्राइव्हवरून आणखी डझनभर गोष्टी टाकतो: क्रॅक केलेलं ऑफिस, फोटोशॉप, ड्रायव्हर अपडेटर, 'पीसी बूस्टर', आणि विंडोज ॲक्टिव्हेट करणारं ते छोटं सॉफ्टवेअर. हे शेवटचं चालावं म्हणून आधी डिफेंडर बंद करावा लागतो. मग तो तसाच राहतो. तुमच्याकडे असं झालंय का ते पाहा: विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', सगळ्यात खाली 'एक्सक्लूजन्स'. या यादीत आख्खा सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर दिसला तर पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय, की या दारातून येणाऱ्याला अडवू नको. ती नोंद काढा, मग 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. काही न करता सीपीयू ४०-५० टक्क्यांवर बसलेला आणि टास्क मॅनेजर उघडताच खाली येत असेल, तर तुमच्या विजेवर दुसऱ्याच कुणासाठी तरी क्रिप्टो कॉइन काढणं (मायनिंग) चालू असण्याची दाट शंका घ्या.

बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, सगळे काढून टाका. दोन अँटीव्हायरस असतील तर एक ठेवा; वर्गणी संपलेला असेल तर तोही काढा, डिफेंडर आपोआप जागा घेतो. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' मध्ये जाऊन ज्याचं नाव तुम्ही रोज स्वतःहून उघडत नाही त्याला 'डिसेबल' करा, साउंड आणि ग्राफिक्सच्या नावांना सोडून. डिसेबल म्हणजे डिलीट नाही, हवं तेव्हा उघडता येतं.

मराठी टायपिंगसाठी टाकलेली जुनी सॉफ्टवेअरंही स्टार्टअपमध्ये मुक्काम ठोकून असतात. युनिकोडमध्येच काम असेल तर त्यांची गरज नाही. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे: सेटिंगमध्ये भाषा मराठी जोडा, तिच्या 'ऑप्शन्स' मध्ये कीबोर्ड 'मराठी फोनेटिक' निवडा, विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदला. जुन्या फॉन्टमधल्या फाइली छापखान्याला द्यायच्या असतील तर मात्र ते सॉफ्टवेअर ठेवावंच लागेल.

तारीख रोज मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणतो, यासाठी विंडोज मारून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. मदरबोर्डवरची सीआर २०३२, नाण्याएवढी बॅटरी बदला, वेळ लावा, झालं.

खरंच मारायचं असेल तर

व्हायरसने घर केलं असेल, किंवा डिस्क, उष्णता, वीज सगळं तपासून सुटत नसेल, तर जरूर नव्याने टाका. पण पेनड्राइव्हवाल्याकडे न जाता. विंडोज ११ मध्ये सेटिंग, 'सिस्टम', 'रिकव्हरी' इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' असा पर्याय आहे. तो विंडोज पुन्हा बसवतो आणि प्रोग्राम, फाइली, सेटिंग जागच्या जागी राहतात. आधी हा वापरा. त्याने भागलं नाही किंवा व्हायरस असेल तर 'रीसेट धिस पीसी', त्यात 'क्लाउड डाउनलोड'. काही जीबी डेटा लागेल, पण माल कंपनीकडून येतो. विंडोज १० मध्येही रीसेट आहे. डेटाची प्रत आधी बाहेर काढलेली असली पाहिजे, 'कीप माय फाइल्स' निवडलं असलं तरी. विंडोज ११ ची नवी प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने बसवली तर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. तिची 'रिकव्हरी की', म्हणजे उघडायची किल्ली, त्या खात्यात जमा होते, म्हणून खातं दुकानदाराचं नको, तुमचंच हवं. पीसीने ती किल्ली मागितली आणि खातंच माहीत नाही अशी वेळ आली तर डेटा गेलाच समजा.

विंडोज १० वाल्यांसाठी: त्याला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापराच्या पीसीला नोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव अपडेट मिळतात, सेटिंगच्या 'विंडोज अपडेट' पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीवर जबरदस्तीने ११ टाकून देणारे बाजारात आहेत, चालतंही, पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचं काम त्या पीसीवर करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका. फक्त ब्राउझर आणि टायपिंग असेल तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येतं. टॅली लागत असेल तर तिथे जमणार नाही.

तक्रार विचारायची असेल तर सोबत चार गोष्टी द्या: मंद होण्याच्या वेळा, 'परफॉर्मन्स' मधल्या सीपीयू आणि डिस्कच्या पानांचे त्या वेळचे फोटो, क्रिस्टलडिस्कइन्फोचा फोटो, आणि पीसी नेमका कुठे ठेवलाय ते. "पीसी स्लो आहे, काय करू" एवढ्यावर कुणीही सांगेल, विंडोज मारून घ्या.